कला शाखेला संगणकाची भाषा कशाला?

कला शाखेच्या विद्यार्थ्याला कोणी विचारावे, ‘तुझा खुला निवडक विषय कोणता?’ आणि त्याने ‘वेब पान तयार करणे’ किंवा ‘पायथनची ओळख’ असे सांगावे. विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर दोनपैकी एक भाव हमखास उमटतो. एक तर कौतुक, म्हणजे ‘आता याची नोकरी पक्की!’ नाही तर कीव, म्हणजे ‘मराठी-इतिहास घेणाऱ्या पोरांना हे कुठून झेपायचे!’ गेल्या वर्षी हे दोन्ही भाव माझ्या वाट्याला आले. दोन्ही सारखेच निराधार आहेत असे माझे मत झाले आहे, आणि ते मत कसे झाले हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

आधी हे विषय आपल्या वेळापत्रकात आले कोठून ते पाहू. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाप्रमाणे पदवीचा नवा आराखडा आला. त्यात मुख्य विषयाबरोबर दुसऱ्या विद्याशाखेतील काही विषय प्रत्येकाला घ्यावे लागतात. वाणिज्यवाल्याने इतिहास घ्यावा, आमच्यासारख्याने संगणक घ्यावा, अशी ही देवघेव आहे. विषय बहुधा दोन श्रेयांकांचा. एका श्रेयांकाला व्याख्यानाचे पंधरा तास किंवा प्रात्यक्षिकाचे तीस तास धरतात. म्हणजे सारा अभ्यासक्रम प्रात्यक्षिकाचा असला तरी हाताशी तास साठच. साठ तासांत पोहायला शिकता येईल, पण इंग्लिश खाडी ओलांडता येणार नाही. तेव्हा नोकरी पक्की होण्याचा प्रश्न निकालात निघाला. शहरातील खासगी क्लासवाले मोठमोठ्या फलकांवर हमी देतात ती गोष्ट निराळी. त्यांची हमी आणि लग्नाच्या मध्यस्थाने सांगितलेला मुलाचा पगार या दोहोंची चौकशी स्वतः केलेली बरी.

मग या साठ तासांत मिळते काय? पुष्कळांना वाटते, एम.एस.सी.आय.टी. झाले की संगणक आला. महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन २००१ साली स्थापन झाले आणि त्याच्या या अभ्यासक्रमाने खेड्यापाड्यांतील असंख्य मुलामुलींचा हात प्रथम माउसवर ठेवला, याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. परंतु तेथे आपण शिकतो ते दुसऱ्याने तयार केलेले साधन वापरायला. पत्र टंकलिखित करा, तक्ता भरा, छापा. प्रोग्रॅमिंगमध्ये आपण साधनालाच काम सांगतो. तयार गिरणीत दळण टाकणे वेगळे आणि जात्याचा खुंटा हातात धरणे वेगळे. दळण दोन्हीकडे पडते, पण पीठ जाड का आले हे जात्यावर बसणारीला कळते.

माझ्या मते कला शाखेच्या विद्यार्थ्याने सुरुवात वेब पानापासून करावी, पायथन किंवा ‘सी’ मागाहून घ्यावे. कारण साधे आहे. पानावर केलेले काम त्याच क्षणी डोळ्यांना दिसते. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली स्वित्झर्लंडमधील सर्न या संशोधनसंस्थेत वेबची कल्पना मांडली, १९९१ मध्ये पहिले पान लोकांसमोर आले, आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने ही सारी पद्धत सर्वांना विनामूल्य खुली केली. त्या एका निर्णयामुळे आज आपण पान लिहितो तेव्हा त्या भाषेसाठी कोणाला पैसा द्यावा लागत नाही. नोटपॅडसारखे फुकटचे साधन आणि कोणताही ब्राउझर एवढे पुरते. ज्यांच्याकडे संगणक नाही त्यांना मोबाइलवरही सराव करता येतो. बोटे दुखतात, पण करता येतो.

पानाच्या भाषेला एचटीएमएल म्हणतात. काटेकोर बोलायचे तर ही प्रोग्रॅमिंगची भाषा नव्हे. ती हिशेब करीत नाही, निर्णय घेत नाही. ती फक्त मजकुरातील प्रत्येक तुकड्याला नाव देते: हा मथळा, हा परिच्छेद, ही यादी, हे चित्र. हे नाव टोकदार कंसांत लिहितात, त्याला टॅग म्हणतात. मजकुराच्या आधी टॅग उघडायचा, नंतर तिरपी रेघ देऊन मिटायचा. निबंध लिहिताना मथळ्याखाली रेघ मारणे, परिच्छेद आत सरकवून सुरू करणे हे आपण शाळेपासून करीत आलो आहोत; फरक एवढाच, की येथे ते बोलून दाखवावे लागते. पान कसे दिसावे, म्हणजे रंग, अक्षराचा आकार, समास, हे सीएसएस नावाच्या दुसऱ्या भाषेत सांगतात. १९९४ साली हॉकन व्हियुम ली यांनी ती सुचवली. पानाने काही करून दाखवावे, बटण दाबल्यावर उत्तर द्यावे, असे हवे असेल तर जावास्क्रिप्ट. ती ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये अवघ्या दहा दिवसांत पहिल्यांदा उभी केली आणि त्या घाईच्या खुणा तिच्या अंगावर अजून आहेत, असे जाणकार सांगतात. नवशिक्याने पहिल्या दोन महिन्यांत तिच्या वाटेस जाऊ नये.

आता पान कशाचे करायचे? पुस्तकात उदाहरण असते कुठल्याशा कंपनीचे किंवा पिझ्झाच्या दुकानाचे. मी पळसदेवचे केले.

पळसदेव इंदापूर तालुक्यात, पुणे-सोलापूर रस्त्यावर. आज रस्त्यावरून जाताना दिसते ते गाव नवे. जुने पळसदेव भीमेच्या काठी होते. उजनी धरण १९८० साली पुरे झाले आणि जुने गाव त्याच्या फुगवट्यात गेले. उरले ते पळसनाथाचे मंदिर. उन्हाळ्यात पाणी ओसरले की त्याचे शिखर वर येते. २०२४ च्या उन्हाळ्यासारखे पाणी फारच खाली गेले तर सबंध मंदिर उघडे पडते. तेव्हा लांबून माणसे येतात, ड्रोन उडवतात, चित्रफिती काढून जातात. इंटरनेटवर ‘पळसदेव’ असे शोधले की पाण्यातले शिखर वेगवेगळ्या कोनांतून पाहायला मिळते. तेथे माणसे राहत होती, त्यांची दारे एकमेकांसमोर होती, कोणाच्या ओट्यावर कोण बसे, हे मात्र मला कोठे सापडले नाही. ते सांगणारी माणसे आता सत्तरीच्या पुढची आहेत. गावाच्या पानाची गरज मला येथे वाटली. पाहुण्याने काढलेले चित्र चांगले असेल, पण त्याखालची ओळ तोच लिहिणार. ती आपण लिहायची तर ही भाषा आपल्यालाही यायला हवी.

मराठीत पान लिहायला बसले की पहिल्याच दिवशी एक गोष्ट समजते, जी इंग्रजी पुस्तकात एका ओळीत उरकलेली असते. संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. कोणत्या आकड्याला कोणते अक्षर समजायचे याचा करार लागतो. पूर्वी प्रत्येक मराठी फॉन्टचा करार वेगळा होता, म्हणून एका संगणकावरचे पत्र दुसऱ्यावर उघडले की भुतांची भाषा दिसे. युनिकोडने, म्हणजे १९९१ पासून वाढत आलेल्या जागतिक अक्षरसंचाने, देवनागरीला १२८ घरे नेमून दिली आणि ही भुते बरीचशी गाडली. पानाच्या आरंभी ‘हा मजकूर यूटीएफ-८ मध्ये आहे’ असे एका ओळीत सांगावे लागते. नाही सांगितले तर मराठीचे कडबोळे होण्याची भीती असते. आणखी एक लहानसे सूचन असते, पानाची भाषा कोणती ते. मराठीचे संकेताक्षर ‘एमआर’. पुष्कळ जण ते लिहीतच नाहीत. पुस्तकात ‘ईएन’ असते म्हणून तेच ठेवतात. परंतु दृष्टिहीन विद्यार्थ्याचे वाचनयंत्र कोणत्या भाषेच्या आवाजात वाचायचे हे त्यावरून ठरवते, आणि काही फॉन्ट मराठी वळणाचा ‘ल’ आणि ‘श’ दाखवायचा की हिंदी वळणाचा, हेही त्यावरूनच ठरवतात. मराठी विभागाच्या विद्यार्थ्याला या दोन अक्षरांचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

आता खऱ्या प्रोग्रॅमिंगकडे येऊ. ‘सी’ ही भाषा डेनिस रिची यांनी बेल प्रयोगशाळेत १९७२ च्या सुमारास घडवली. तिच्यावर कर्निगन आणि रिची यांचे १९७८ चे पुस्तक आहे. त्यातील पहिला प्रोग्रॅम पडद्यावर जगाला नमस्कार करतो, आणि तेव्हापासून जगभरचे नवशिके तोच नमस्कार करीत आले आहेत. आपल्याकडे ‘सी’ शिकणाऱ्यांच्या हातात नागपूरच्या यशवंत कानेटकरांचे ‘लेट अस सी’ असते. पायथन त्या मानाने सोपी. गिडो व्हान रॉसम या डच गृहस्थांनी ती १९९१ मध्ये प्रसिद्ध केली. नाव अजगरावरून नसून एका विनोदी दूरदर्शन कार्यक्रमावरून आहे, हे ऐकून माझ्या आजीला हायसे वाटले.

पुस्तकातील उदाहरणे सोडून आपल्याकडचेच उदाहरण घेऊ. उन्हाळ्यात आपल्या भागात चहाच्या टपरीवर ‘उजनी उणे चाळीस’ असे ऐकू येते. परगावचा माणूस बुचकळ्यात पडतो. टक्के उणे कसे असतील? उत्तर असे: उजनीत ६३.६५ टीएमसी पाणी हा मृतसाठा. त्याच्या वरचा ५३.५७ टीएमसी हा उपयुक्त साठा. टक्केवारी काढतात ती उपयुक्त साठ्याची. मृतसाठ्याच्या खाली पाणी गेले की टक्के शून्याखाली उतरतात. हे संगणकाला सांगायचे तर तीन गोष्टी लागतात. पहिली, एक नाव दिलेली जागा, जीत आकडा ठेवता येईल. तिला चल म्हणतात. जागेला ‘साठा’ असे नाव देऊ. पायथनच्या सध्याच्या आवृत्तीत असे नाव खरोखर देवनागरीत देता येते. आज्ञांचे ठरीव शब्द तेवढे रोमन लिपीत लागतात. दुसरी गोष्ट, सूत्र:

टक्के = (साठा − ६३.६५) ÷ ५३.५७ × १००

साठा ३१.५ टीएमसी दिला तर उत्तर येते उणे ६०.०१. साठा ११७.२२ दिला तर बरोबर १००. तिसरी गोष्ट, निर्णय: जर टक्के शून्यापेक्षा कमी असतील तर ‘मृतसाठा चालू’ असे छाप, नाही तर ‘उपयुक्त साठा’ असे छाप. ‘जर-तर’ची वाक्ये आपण व्याकरणात संकेतार्थ म्हणून शिकलो आहोत, हा त्याचाच प्रकार, फक्त येथे ‘जर’ला उत्तर हो किंवा नाही असेच असावे लागते. ‘बहुधा’ चालत नाही. आणि महिन्याच्या तीस दिवसांचे आकडे असतील तर तीच ओळ तीसदा लिहायची नाही. ‘यादीतील प्रत्येक आकड्यासाठी असे कर’ एवढे सांगायचे. याला आवर्तन म्हणा. जागा, निर्णय आणि आवर्तन ही तिन्ही पक्की झाली की पहिल्या अभ्यासक्रमाचा मोठा भाग हाती आला.

आता वरच्या सूत्रातला कंस पाहा. तो लिहायचा राहिला तर संगणक आधी भागाकार-गुणाकार उरकतो आणि मग वजाबाकी करतो. उत्तर येते उणे ८७.३२. तो कुरकुर करीत नाही, लाल अक्षरांत काही सांगत नाही. मुकाट्याने चुकीचे उत्तर देतो. एखादे विरामचिन्ह चुकले तर तो अडून बसतो, ती चूक सोपी. गप्प चूक कठीण. ती पकडायची तर उत्तर साधारण किती यायला हवे याचा अंदाज आपल्याला आधी असावा लागतो. उजनी उणे ऐंशीच्या खाली गेल्याचे ऐकले आहे का कधी? ही शंका पळसदेवच्या माणसाला येईल, आकड्यांशी ज्याचे नाते नाही त्याला येणार नाही. विषयाची जाण ज्याची त्याची असते, ती यंत्रातून मिळत नाही. आता यंत्राला मराठीत विचारले तर ते प्रोग्रॅमसुद्धा लिहून देते. पण त्याने लिहिलेल्या सूत्रात कंस आहे की नाही हे कोण पाहणार?

कला शाखेचा आणि या विषयाचा संबंध नाही असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी आणखी एक प्रयोग. पायथनला विचारा, ‘पळसदेव’ या शब्दात अक्षरे किती? आपण सांगू पाच. तो सांगतो सहा, कारण ‘दे’ची मात्रा तो वेगळी मोजतो. ‘इंदापूर’मध्ये आपण चार अक्षरे मोजतो, तो सात. ‘क्षमा’ आपल्याला दोन, त्याला पाच: क, हलन्ताची खूण, ष, म आणि काना. छंदशास्त्र शिकणाऱ्याने वृत्त तपासण्याचा प्रोग्रॅम करायचा ठरवले तर पहिली ठेच येथेच लागेल. किंवा नावांची यादी अकारविल्हे लावायला सांगा. त्याच्या घरांच्या क्रमात ‘ळ’ येतो ‘ल’च्या पाठोपाठ, ‘व’च्या आधी, शाळेत पाठ केलेल्या वर्णमालेत तो ‘ह’नंतर. ‘क्ष’ तर थेट ‘क’च्या कुळात जाऊन बसतो. मराठीच्या रीतीने यादी लावायची तर तो क्रम त्याला कोणीतरी समजावून सांगावा लागतो, आणि हे काम ज्याला मराठी चांगले येते त्याचे आहे. संस्कृतच्या प्राध्यापकांना कदाचित ठाऊक असेल, की प्रोग्रॅमिंगच्या भाषांचे व्याकरण लिहिण्याची जी पद्धत बॅकस यांच्या नावाने ओळखली जाते, तिला पाणिनीचेही नाव जोडावे अशी सूचना १९६७ साली पीटर इंगरमन या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने एका पत्रातून केली होती. पाणिनीने संगणक शोधला असा त्याचा अर्थ नाही, हे लगेच सांगून टाकते, नाही तर स्नेहसंमेलनातल्या भाषणाला विषय मिळायचा.

शिकवण्याविषयी थोडे. हा विषय वहीत उतरत नाही. तरीसुद्धा प्रात्यक्षिक वह्या एकमेकांच्या पाहून सुबक अक्षरांत उतरवणे आणि परीक्षेत प्रोग्रॅम पेनाने कागदावर लिहिणे, असा प्रकार ठिकठिकाणी चालतो असे इतर महाविद्यालयांतील मैत्रिणींकडून ऐकते. कागद चूक दाखवत नाही. कागदावर कंस राहिला तर उणे ८७.३२ कोणाला दिसणार? सायकलचे चित्र सुरेख काढता आले म्हणून कोणी सायकलवरून इंदापूरला जात नाही. वर्गात संगणक कमी आणि मुले जास्त हे खरे आहे. पण दोघींनी एका संगणकावर बसून एकीने सांगायचे, दुसरीने लिहायचे आणि अर्ध्या तासाने जागा बदलायची, या रीतीने माझे स्वतःचे शिकणे अधिक झाले. एकटीने बसले असता मनातल्या मनात जे गृहीत धरले जाते ते दुसरीला सांगताना शब्दांत मांडावे लागते.

इंग्रजीची धास्ती हा दुसरा अडसर. पायथनचे ठरीव शब्द तीन डझनांच्या आसपास आहेत, आणि सुरुवातीला त्यांतले दहा-बारा पुरतात. एवढे इंग्रजी तर ट्रॅक्टरचे भाग सांगताना आमच्या गावातील निरक्षर माणूसही वापरतो. खरी अडचण समजावून सांगणाऱ्या पुस्तकांची आहे. त्यावर एक चांगला उपाय आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने केला आहे. दहा-दहा मिनिटांचे पाठ, पडद्यावर कृती आणि मराठीतून निवेदन, तेही विनामूल्य. पाठ थांबवायचा, तसेच आपण करून पाहायचे, पुन्हा पुढे न्यायचा. मोबाइलवर पाठ आणि संगणकावर काम असे ठेवले तर उत्तम.

पळसदेवचे माझे पान सध्या चार परिच्छेदांचे आहे, एक तक्ता उजनीच्या टक्क्यांचा. ते अजून इंटरनेटवर चढवलेले नाही. विनामूल्य जागा देणाऱ्या सेवा आहेत, पण आधी मजकूर पुरा करावा असा विचार आहे. जुन्या गावात राहिलेल्या तिघा-चौघांकडून घरांची, ओट्यांची, घाटाच्या वाटेची माहिती उतरून घेते आहे. प्रत्येक जण थोडे वेगळे सांगतो. दोघांचे जुळले नाही तर दोन्ही लिहायचे आणि कोणी सांगितले ते त्यांच्या संमतीने खाली द्यायचे, असे इतिहासाच्या सरांनी सुचवले आहे. त्या माहितीला कोणता टॅग योग्य, परिच्छेदाचा की अवतरणाचा, यावर आमच्या गटात अजून वाद चालू आहे.